काठवटीची वीणा

नांदूरघाटात सुताराची दोन घरं होती आणि ती दोन्ही सख्ख्या भावांची. थोरला शहादेव, धाकटा आसाराम. बाप गेल्यावर त्यांनी गाव वाटून घेतलं. वरली आळी थोरल्याची, खालली धाकट्याची. अंगणाच्या मधोमध पुरुषभर उंचीची मातीची भिंत घातली, तीही भांडून नाही बरं का. दोघांच्या बायकांच्या कोंबड्या एकमेकींत मिसळायच्या म्हणून. भिंतीच्या अलीकडे एक मांडव, पलीकडे एक मांडव, आणि दिवसभर दोन्हीकडून लाकूड तासणाऱ्या वाकसाची ठकठक.

थोरल्याचं काम देखणं, धाकट्याचं दांडगं. आसारामानं केलेला नांगर आज्यानं घ्यावा आणि नातवानं वापरावा, अशी त्याची ख्याती होती. जू असो, पाभर असो, दाराची चौकट असो, जिथं एक बोट लाकूड लागतं तिथं हा गडी दोन बोटं ठेवणार. "मपल्या हातचं तुटत न्हाई" हे त्याचं पालुपद. लोक सकाळी उठून देवाचं नाव घेतात, आमचे हे हेच म्हणत उठतात, असं त्याची बायको जानकीबाई सांगायची. तिचं फारसं खोटं नव्हतं.

शहादेवाचं खरं सुख मात्र लाकडात नव्हतं. बापानं एका ठोकळ्यातून कोरून केलेली वीणा त्याच्याकडे होती, आणि मारुतीच्या देवळातल्या भजनाचा तो विणेकरी होता. आवाज असा की ज्वारीच्या राखणीला बसलेला माणूस गोफण खाली ठेवून ऐकायचा. आणि कान तर त्याहून तिखट. कुणाच्या विहिरीवर मोटेचं चाक करकरलं तर हा घरात बसून सांगायचा, अमक्याच्या चाकाला तेल पायजे. आसारामाला या कानाचं कौतुक होतं आणि थोडी थट्टाही. सुताराला हात लागतो, कान कशाला, असं तो म्हणायचा. पुढं याच बोलण्याचं त्याला लई वाईट वाटलं.

झालं असं, की कार्तिकात नेकनूरला कीर्तन होतं. आसारामाच्या गाडीतून भजनी मंडळी निघाली. शहादेव मांडीवर वीणा घेऊन मागं बसलेला. गाव ओलांडलं न ओलांडलं तोच तो म्हणाला, "आसाराम, डाव्या चाकाचा आवाज बरा न्हाई."

"चाक हाय दादा, भजन न्हवं. वाजणारच," आसाराम हसून म्हणाला आणि बैलांच्या शेपट्या पिळल्या.

ओढ्याच्या उतारावर आसाची खीळ निसटली, डावं चाक भिंगरीसारखं एकटंच पुढं पळालं आणि गाडी कलंडली. माणसं खरचटण्यावर वाचली. बैलही वाचले. वीणा मात्र गाडीच्या साठ्याखाली सापडली आणि तिचा भुगा झाला. शहादेवानं एकेक कपचा वेचला, उपरण्यात बांधला आणि ओढ्याच्या डोहात सोडून दिला. आसाराम शेजारी उभा होता. त्याच्याकडे शहादेवानं पाहिलं नाही, त्याला काही बोलला नाही. त्या दिवशी नाही आणि त्याच्यानंतरही नाही.

चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. भाऊ म्हटल्यावर शिवी द्यायचा हक्कच असतो. पण शहादेवानं तो हक्कसुद्धा वापरला नाही. आसारामानं रामराम घातला की मान हलवायची आणि आत जायचं. काम करायचा, जेवायचा, झोपायचा. देवळाची पायरी मात्र चढेना. एकादशीला टाळ वाजायचे, मृदंग वाजायचा, आणि मधे विणेकऱ्याची जागा मोकळी. हिवाळा असा गेला. आसारामाला भिंतीपलीकडची ठकठक ऐकू यायची आणि तो ताट सारून उठायचा.

फाल्गुन निघाला तशी चैत्रातल्या सप्त्याची बोलणी सुरू झाली. भजनाचे प्रमुख त्रिंबकबुवा म्हणाले, "वीणा चौसाळ्याहून मागून आणू. सात दिवस द्येतील ते."

वीणेवाचून सप्ता नाही हे तर आलंच. सात दिवस, सात रात्री ती कुणा ना कुणाच्या गळ्यात उभी पाहिजे, भुईला टेकता कामा नये. पण मागून आणलेल्या वीणेला शहादेव हात लावणार नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. आणि एकदा सप्ता त्याच्यावाचून पार पडला की गावालाही सवय होणार आणि त्यालाही. देवळाच्या खांबाआडून आसाराम उठला आणि म्हणाला, "वीणा मी करतो."

पाटलाचा भाऊ बबनराव हसला. "वीणा म्हंजी जू न्हवं बे, आसाराम. गळ्यात घालायची असती ती."

मंडळी हसली. आसारामही कसनुसा हसला आणि घरी आला. रात्री जानकीबाईनं विचारलं, "कावून पडलात या भानगडीत? यील का तुमाला?"

"यील न यील. पण दादाचं तोंड उघडायचं तर दुसरा रस्ता दिसना मला," तो म्हणाला. "सप्ता गेला की तो कायमचा मुका व्हईल, जानके."

सुताराचं मन बाभळीपाशी म्हणतात, तसं आसारामाचं मन आधी तिथंच गेलं. बाभळीचा दणकट ठोकळा घेतला, आठवडाभर कोरला, दांडी ठोकली, तारा ताणल्या. जानकीबाईनं ते प्रकरण दोन्ही हातांनी उचलायचा यत्न केला आणि खाली ठेवलं. "ही माणसाच्या गळ्यात घालायची का बैलाच्या मानेवर?"

आसारामानं तार छेडली. ठप्प. उंबऱ्यावर खडाव आपटावी तसा आवाज. करायला गेला गणपती आणि झाला मारुती, पण निदान मारुतीला शेंदूर तरी फासता येतो. याचं काय करायचं? जानकीबाई ते परसात घेऊन गेली आणि त्यावर कपडे धुवायला लागली.

लाकूडच बदलायला हवं होतं. सागवान किंवा शिवण पाहिजे, आणि तेही वाळून हाडासारखं झालेलं. जंगल निजाम सरकारचं. एक झाड तोडायचं तर बीडला जाऊन परवान्यासाठी कचेरीच्या ओसरीवर बसून राहावं लागे, आणि मिळालंच तर ओलं लाकूड वाळायला वर्षं जाणार. म्हणजे जुनं लाकूडच धुंडाळायचं. मोठ्या दुष्काळात ओस पडलेल्या एका घराची सागवानी चौकट त्याला मिळाली. दांडीचं काम झालं. पडक्या चावडीच्या माळवदाखालची एक पातळ फळी त्रिंबकबुवांनी काढून दिली. वीणेच्या पोटावर बसवायच्या तबलीचं काम झालं. अडलं ते पोटाशी. एवढा मोठा, जुना, कोरडा ठोकळा आणायचा कुठून? आणि आणला तरी कोरताना तडकला म्हणजे?

या विचारात तो दुपारी चुलीपुढं जेवायला बसला होता. जानकीबाई काठवटीत पीठ मळत होती. मळता मळता तिनं गोळा आपटला आणि काठवट 'धप' वाजली. आसारामाचा हात भाकरीवरच थांबला.

"काय झालं? खडा लागला का?"

"न्हाई," तो म्हणाला. "काटवट. काटवट म्हंजी आयतं कोरलेलं पोटच की गं."

आता घरची काठवट त्यानंच केलेली, म्हणजे ती कशी असणार ते सांगायला नको. बाभळीची, दोन बोटं जाड, उखळाची बहीण. ती काही कामाची नव्हती. आसाराम उठला, हात धुतले आणि निघाला घरोघर. दारात उभा राहून म्हणायचा, "वैनी, जरा काटवट दावा." बाई काठवट आणायची, हा ती उलटी करायचा, बोटाच्या पेरानं टकटक वाजवायचा, कान लावायचा आणि "ऱ्हाऊ द्या" म्हणून पुढं जायचा. गावातल्या बायकांना एवढी करमणूक बऱ्याच दिवसांत मिळाली नव्हती. सुतार याडा झाला, गावभर पोरी बघाव्या तशा काटवटी बघत फिरतोय, असं पाणवठ्यावर झालं. जानकीबाईला तिथं तोंड दाखवायची चोरी झाली. कुणाची काठवट चिरलेली, कुणाची कच्च्या आंब्याच्या लाकडाची, कुणाची वाजेचना.

वाजली ती शिवगंगाबाईची.

शिवगंगाबाई म्हणजे किराणा दुकानदार मन्मथप्पांची बायको. घर लिंगायतांचं, महादेवाचं. तिची काठवट माहेरची, शिवणीच्या लाकडाची, जुन्या वळणाची, खोल पोटाची. तिच्या आजीनं, मग आईनं आणि मग तिनं मळून मळून ती आतून काचेसारखी गुळगुळीत झालेली. आसारामानं पेर मारलं आणि आतून असा गोल, भरीव नाद आला की त्यानं पुन्हा मारलं, आणि पुन्हा. मग तिथंच ओट्यावर बसला आणि सगळं सांगून टाकलं. चाकाचं, ओढ्याचं, दादाच्या मुकेपणाचं.

शिवगंगाबाईनं पदर सावरला. "आमी महादेवाचे, सुतारभाऊ, आन तुमी इठोबाचे. आमच्या काटवटीतून तुमचा इठोबा बोलंल व्हय?"

"न्हाई बोलला तर म्हादेवाला बोलवू. पण काटवट द्या."

ती हसली. मग तिनं काठवटीच्या आतून हात फिरवला. बाईकडून काठवट मागणं म्हणजे सुताराकडून वाकस मागणं, हे आसारामाला कळत होतं. तो खाली मान घालून बसला.

"शहादेवभाऊंचा आवाज हितं चुलीपातूर यायचा," ती शेवटी म्हणाली. "एकादशीला मी मुद्दाम उशिरा सैपाक करायचे. त्यांच्यापायी देते, तुमच्यापायी न्हाई. आन नवी करून द्या मला. पर हलकी. तुमच्या जानकीबाईची मी एकदा उचललीया, दोन दिवस कंबर धरलती."

रिकामं भांडं घराबाहेर जात नाही, म्हणून तिनं काठवटीत मूठभर ज्वारीचं पीठ घातलं आणि दिली. आसारामानं ती डोक्यावर घेतली आणि गावातून चालत आला. बबनराव पारावर बसला होता. तो काही बोलला नाही, निदान मोठ्यानं तरी नाही.

काम झपाट्यानं झालं. दांडी तासली, काठवटीला खाच पाडून बसवली, चावडीची फळी कापून तबली झाली, तिच्यावर तारा टेकायची घोडी बसली, खुंट्या बसल्या. दिसायला वीणा अगदी वीणाच दिसत होती. जानकीबाईनंसुद्धा "बरी हाय" म्हटलं, आणि ती सहसा म्हणत नाही. आसारामानं तारा पिळून ताणल्या, मारुतीचं नाव घेतलं आणि छेडल्या.

आवाज आला. नाही असं नाही. पण बंद दाराआडून कुणी बोलावं तसा. दोन हात लांब उभ्या असलेल्या जानकीबाईला नीट ऐकू आला नाही.

कारण त्याला कळत होतं, तेच तर दुखणं होतं. काठवटीचा तळ जाड होता. पीठ मळायला जाडच लागतो. आणि तबलीही त्यानं जाड ठेवली होती. रंधा मारताना प्रत्येक वेळी ओढा डोळ्यापुढं यायचा, भुगा डोळ्यापुढं यायचा, आणि हात आपोआप थांबायचा. ही पुन्हा मोडता कामा नये. गाडी कलंडली तरी मोडता कामा नये. त्यानं वीणा केलीच नव्हती; न मोडणारी एक वस्तू केली होती.

"पातळ करा की मग," जानकीबाई म्हणाली. "जाड भाकरी कदी फुगलीया का?"

"भाकरी फाटली तर दुसरी थापता येती. ही फाटली तर काय करू? दुसरी काटवट न्हाई गावात."

जानकीबाईनं घागर उचलली. ती पाण्याला गेली. सप्ता तोंडावर आला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी, उन्हानं सगळं गाव घरात शिरलेलं असताना, आसारामानं तबली काढली. काठवट मांडीत घेतली, गोल पटाशी घेतली आणि आतून एक पापुद्रा काढला. कांद्याच्या सालीएवढा. पालथी करून पेर मारलं. टक. पुन्हा एक पापुद्रा. टक. आधी जसा होता तसाच आवाज वाटला त्याला. खरं सांगायचं तर त्याला फरक कळतच नव्हता. त्याचा हात जाडी सांगत होता, नाद सांगत नव्हता. त्यानं पटाशी खाली ठेवली. पुरे झालं, एवढंच होणार, असं मनाशी म्हणाला.

तेव्हा भिंतीपलीकडून आवाज आला. "आजून."

पलीकडची ठकठक मघापासून बंद होती, हे आसारामाच्या ध्यानातच आलं नव्हतं. सगळा हिवाळा ज्या आवाजाची त्यानं वाट पाहिली, तो एकच शब्द बोलून गप्प झाला होता. त्यानं ओ दिली नाही. ओ दिली आणि तो आत निघून गेला म्हणजे? त्यानं नुसती पटाशी उचलली, एक साल काढली, पेर मारलं.

"आजून."

आणखी एक.

"उजवीकडं. तिकडं बसका लागतोय."

त्यानं उजवीकडं काढलं. असं बराच वेळ चाललं. अलीकडे एक भाऊ लाकूड खरवडतोय, पलीकडे दुसरा भिंतीला कान लावून बसलाय. फक्त पटाशीची करकर, पेराची टकटक आणि तो एक शब्द. आसारामाच्या नाकाच्या शेंड्यावरून घाम ठिबकत होता. काठवट हातात हलकी होत चालली, आणि आता त्यालासुद्धा कळायला लागलं, की टकचं टंक होतंय, आणि टंकच्या मागं एक गुंजन राहतंय. सालीखालून बोटांची ऊब लागेल इतका तळ पातळ झाला. आयुष्यात त्यानं इतकं पातळ काही केलं नव्हतं. हात म्हणत होता थांब.

"आजून यकदा," भिंतीपलीकडून आलं. "यकच."

त्यानं पटाशी टेकवली आणि रेटली. चर्र झालं.

केसासारखी बारीक भेग तळातून निघाली आणि वीतभर धावून थांबली.

आसाराम तसाच बसून राहिला. त्याला रडू आलं नाही, राग आला नाही, काहीच आलं नाही. मग पलीकडून धडपड ऐकू आली. शहादेव दारानं, बोळाला वळसा घालून, रीतसर येऊ शकला असता. पण पन्नाशी उलटलेला तो माणूस भिंतीवरच चढत होता. वर आला, धोतराचा सोगा भिंतीवरच्या खापरीत अडकला, तो टरकन फाटला आणि शहादेव धाकट्याच्या अंगणात कोंबड्यांमधे उतरला. भिंत घातली ती कोंबड्यांसाठी, पण आज पहिल्यांदा तिच्यावरून माणूस आला होता.

तो मांडवात आला. काठवट हातात घेतली, भेगेवरून अंगठा फिरवला.

"मपल्या सांगण्यानं फुटली," तो म्हणाला.

"न्हाई दादा. हात मपला हुता."

"हात तुपला, पर बोल मपला. तुला कळत हुतं, तू थांबलातास. मीच म्हनलं यकदा." शहादेव खाली बसला. फाटक्या धोतराकडे त्याचं लक्ष नव्हतं. "त्या दिशी बी असंच झालं, आसाराम. चाकाचा आवाज मला कळलाता. तुला न्हवता कळला, तुपला काय दोष? मला कळला हुता, तरी मी उतरलो न्हाई. बाच्या हातची वीणा मांडीवर घिऊन बसून ऱ्हायलो. म्हनलं, कुठं थांबवायचं, मंडळी खोळंबतील." तो थांबला. "तुला काय तोंड दावू, म्हनून बोलत न्हवतो."

आसाराम त्याच्याकडे बघतच राहिला. सबंध हिवाळा हा माणूस रागावला आहे असं समजून तो तिळतिळ तुटला होता, आणि हा माणूस भिंतीपलीकडे स्वतःलाच खात बसला होता. दोघं एकाच घरातली पोरं, दोघांचीही अक्कल एकाच वाफ्यातली.

"आन मी समजत हुतो तू मपल्यावर चिडलास," तो म्हणाला, आणि आता मात्र त्याला रडू आलं. शहादेवानं त्याच्या पाठीवर हात ठेवला. तेवढ्यात जानकीबाई पाणी घेऊन आली, दोघांना असं बसलेलं पाहिलं, घागर उतरवली आणि काहीच न विचारता चहूबाजूंनी पळणाऱ्या कोंबड्या आवरायला लागली. शहाणी बाई.

भेग बुजवली ती दोघांनी मिळून. जानकीबाईनं चिंचोके भाजून, दळून, शिजवून खळ करून दिली. तिच्या जुन्या लुगड्याची पट्टी फाडली, खळीत भिजवली, आतून चिकटवली, वर पुन्हा पट्टी, पुन्हा खळ. दोन दिवस सावलीत वाळवली. चैत्राचं ऊन असल्यानं सावलीतही ती हाडासारखी कडक झाली. मग तबली. ती शहादेवानं रंधली आणि आसारामानं काठाला बसवली. या खेपेस दोघंही बोलत होते, किंबहुना वादच घालत होते. घोडी पुढं घ्यायची का मागं, यावरून तर इतकं झालं की शेजारणीला वाटलं आता भिंत आणखी उंच होते का काय.

तारा चढल्या. शहादेवानं खुंट्या पिळल्या, कान तिरपा केला, पुन्हा पिळल्या. मग अंगठ्यानं हळूच छेडली.

त्या आवाजाचं काय सांगावं. जुन्या वीणेचा गोडवा तिला नव्हता, आणि त्याची आस धरण्यात अर्थही नव्हता. ही जरा भरड होती, पण खोल होती. सूर निघायचा, मांडवाच्या आढ्यापर्यंत जायचा, परत यायचा आणि छातीत बसायचा. पट्टी लावली होती त्या ठिकाणाहून एक बारीकसा खरखरीत गुंजारव उठायचा.

"भेगंचा आवाज येतोय," आसाराम ओशाळून म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्या हातून फुटकी वस्तू बाहेर जाणार होती.

"येतोय," शहादेव म्हणाला. "येऊ दे."

सप्त्याच्या पहिल्या दिवशी मारुतीचं देऊळ भरून बाहेर पारापर्यंत माणूस होता. नेकनूरची मंडळी आली होती. चौसाळ्याची आली होती, आणि हो, आपली वीणा बरोबर घेऊन आली होती, लागलीच तर असू द्या म्हणून. त्रिंबकबुवांनी नव्या वीणेला बुक्का लावला, हार घातला आणि ती शहादेवाच्या गळ्यात दिली. बायकांच्या बाजूला शिवगंगाबाई उभी होती. सकाळीच तिला आसारामानं नवी काठवट नेऊन दिली होती. ती तिनं एका हातानं उचलून पाहिली होती आणि मान डोलावली होती.

शहादेवानं तार छेडली आणि तोंड उघडलं. पहिल्या ओळीला आवाज जरा अडला. कार्तिकापासून गंजलेला गळा, अडणारच. दुसऱ्या ओळीला तो सुटला. त्रिंबकबुवांचे टाळ वाजायचे थांबले आणि मग लाजून पुन्हा सुरू झाले. शिवगंगाबाईनं डोळ्याला पदर लावला. शेजारची बाई तिला म्हणाली, "तुमच्या घरचं पोर गातंय म्हनायचं." शिवगंगाबाई म्हणाली, "आमच्या घरचं पोट हाय, गळा त्यांचाच हाय."

पहारा बदलायची वेळ झाली. वीणा एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जायची होती. दुसरा पहारा बबनरावाचा ठरला होता. तो उपरणं सारखं करून पुढंही झाला. शहादेव वाजवत वाजवत त्याच्या बाजूनं पुढं निघाला आणि खांबापाशी थांबला. खांबाच्या आड, नेहमीच्या जागी, आसाराम बसला होता.

"ऊठ," शहादेव म्हणाला.

"मला न्हाई येत दादा. सूरबिर काय कळत न्हाई मला."

"उभं ऱ्हाता येतं न्हवं? अंगठा फिरवता येतो न्हवं? ऊठ."

बबनराव मागं सरला. त्याच्याही मनात काही आलं असेल, कारण त्यानं स्वतःहून आसारामाला दंडाला धरून उभं केलं. शहादेवानं पट्टा आपल्या डोक्यावरून काढला आणि धाकट्याच्या गळ्यात घातला. वीणा आसारामाच्या छातीवर आली. हलकी. इतकी हलकी, की त्यानं घाईघाईनं दोन्ही हातांनी धरली. अंगठा तारेवर टेकला, फिरला आणि सूर सुरू राहिला.

आणि मग थोरला भाऊ खाली वाकला. वीणा ज्याच्या गळ्यात, त्याच्या पाया पडायचं, मग तो कुणी असो. लहान असो, थोर असो. रीत सगळ्यांना माहीत होती. आसारामालाही होती. पण बापाच्या मागं ज्याला बाप मानलं, त्याचं डोकं आपल्या पायावर टेकतंय, हे पाहायची त्याची तयारी नव्हती. तो कळवळला. पाय मागं घ्यावा तर खांब. वाकून दादाला उठवावं तर गळ्यात वीणा, आणि विणेकरी वाकत नाही. हात सोडावेत तर सूर तुटतो. डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते पुसायलाही हात मोकळा नव्हता. त्याला नुसतं उभं राहणं भाग होतं, आणि तो उभा राहिला.

शहादेव उठला. त्यानं बुवांकडून टाळ घेतले, धाकट्याच्या समोर येऊन उभा राहिला आणि त्याच्या वीणेवर गायला लागला.